फिजिओ बिघडले हो!

ऐकलंत का? फिजिओ बिघडले. तब्येतीनं नाही हो, वळणानं!

इतकी वर्षं कशी सरळमार्गी जमात होती ही. तोंडात ‘अजून दहा’, चेहऱ्यावर दयामाया शून्य. गुडघा बदलला की दुसऱ्या दिवशी वॉकर हातात देऊन उभं करायचं. अर्धांगवायूच्या माणसाला एका वाटीतले राजमे एकेक करून दुसऱ्या वाटीत टाकायला लावायचे, आणि ती भरली की सगळे परत पहिलीत. त्यांची खोलीही तशीच. भिंतीवर शोल्डर व्हील, बोटांनी चढायची लाकडी शिडी, दारावर पुली, मधोमध पॅरलल बार. हसरं म्हणाल तर टोपलीतला तो पिवळा स्माइली बॉल, आणि त्याचाही दिवसभर कुणी ना कुणी गळा दाबणार. अशा खोलीत शिरलं की माणूस आपोआप गंभीर व्हायचा, निमूट फी द्यायचा आणि घरी येऊन सांगायचा, ‘फार कडक आहे बाई, पण हाताला गुण आहे.’

आता त्याच खोलीत डोकावून बघा. डोळ्यांवर काळा डबा चढवलेली एक आजी खुर्चीत बसून हवेतले न दिसणारे फुगे फोडतेय आणि ती कडक बाई शेजारी उभी राहून म्हणतेय, ‘अरे वा आजी, हा पण फुटला!’ फुटला म्हणे! आयुष्यभराची शिस्त फुटली आणि बिलात एक पैसा कमी नाही.

या खुळाचं नाव व्हर्च्युअल रिॲलिटी. तरुण मुलं नुसतं ‘व्हीआर’ म्हणतात आणि आपल्याकडे असं बघतात, की पुढं विचारायची सोय राहत नाही. म्हणून म्हटलं, जरा खोलात जाऊन चौकशी करावी. केली, आणि शिव शिव, काय काय कळलं!

ही गोष्ट सुरू होते एका कोळ्यापासून. अमेरिकेत सिॲटलला वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन नावाचे मानसशास्त्रज्ञ. त्यांच्या चमूकडे एक बाई आली होती. शोधनिबंधात तिचं टोपणनाव ‘मिस मफेट’. कोळ्याची भीती इतकी, की रोज रात्री बेडरूमच्या खिडक्या चिकटपट्टीनं सील करायची आणि गाडीत कीटकनाशकाची धुरी द्यायची. या लोकांनी काय करावं? तिच्या डोक्यावर हेल्मेट चढवून तिला एका खोट्या स्वयंपाकघरात नेलं, तिथं एक खोटा कोळी सोडला, आणि शेवटी शेवटी तिचा हात कोळ्याकडे गेला की बाहेरच्या खऱ्या हाताखाली एक केसाळ खेळणं सरकवायचं! आपल्याकडे असं कुणी केलं असतं तर बाईच्या भावांनी येऊन जाब विचारला असता. तिथं बाईंची भीती बरीच ओसरली आणि १९९७ मध्ये त्यावर निबंध छापून आला.

इथवर म्हणावं, जाऊ दे, मनाचे आजार, त्यांचे उपायही विचित्रच असणार. पण या मंडळींनी पुढं त्याच स्वयंपाकघरात भाजलेली मुलं नेली. भाजलेल्या माणसाला स्वयंपाकघर! एक सोळा वर्षांचा मुलगा, एक सतराचा. जखमा साफ करताना, टाके काढताना तोंडातून किंकाळी निघावी असं ते काम, आणि भारी भारी वेदनाशामकंही तिथं अपुरी पडतात. एकदा त्यांना निन्टेन्डोचा साधा व्हिडिओ गेम खेळायला दिला, एकदा हेल्मेट. हेल्मेटमध्ये असताना दोघांनीही वेदना खूप कमी सांगितल्या. २००० साली हे ‘पेन’ नावाच्या जर्नलमध्ये आलं. नावातच दुखणं असलेलं जर्नल, त्यामुळे विश्वास ठेवणं भाग. त्याच वर्षी आणखी एक निबंध, आणि यातूनच खरं म्हणजे फिजिओ आणि ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, मंडळींच्या घरात शिरकाव झाला. भाजलेली कातडी आखडू नये म्हणून सांधे ताणावे लागतात. ते ताणणं म्हणजे काय असतं, हे ज्यानं पाहिलंय त्यानंच बोलावं. बारा प्रौढ रुग्णांचे सांधे ताणताना हेल्मेट घालून पाहिलं, आणि दुखणं तिथंही कमी झालं. मग त्यांच्यासाठी खास बर्फाचं जगच बनवलं, ‘स्नोवर्ल्ड’. हिमदरीतून तरंगत जायचं आणि पेंग्विनांना, बर्फाच्या माणसांना बर्फाचे गोळे फेकून मारायचे. नंतर तर पार्श्वभूमीला पॉल सायमनची गाणीही घातली. बाहेर सांधा ताणला जातोय आणि आत माणूस गाणी ऐकत पेंग्विनांशी भांडतोय! लक्ष एकच असतं, ते पेंग्विनांनी पळवलं की दुखण्याच्या वाट्याला कमी उरतं, असं यामागचं शास्त्र.

मला विचाराल तर इथवर आपली तक्रार नाही. भाजलेल्या पोराला पेंग्विन काय, अख्खी सर्कस द्या. पण बोट दिलं की हात धरणारच, तसं झालं.

२००६ साली निन्टेन्डोनं ‘वी’ नावाचा गेम कन्सोल काढला. अडीचशे डॉलरचा. हातात एक कांडी धरून टीव्हीसमोर उभं राहायचं आणि टेनिस, बोलिंग, बॉक्सिंग खेळल्यासारखे हातवारे करायचे. मग पायाखाली ठेवायची एक पाटीही आली, तोल कुठं जातो ते सांगणारी. बनवली होती घरी खेळायला. हाताला लागली कुणाच्या? फिजिओंच्या! अमेरिकेतल्या रिहॅब सेंटरांत, वृद्धाश्रमांत जो तो टीव्हीसमोर हात फिरवतोय. या प्रकाराला लाडानं ‘वीहॅब’ म्हणू लागले. बारशाशिवाय लाड कुठले!

आणि याच दरम्यान, २००७ च्या जूनमध्ये, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक पत्र छापून आलं. लिहिणारे स्पेनचे डॉक्टर, हुलिओ बोनिस. एकोणतीस वर्षांचा एक निरोगी निवासी डॉक्टर रविवारी सकाळी उठला तो उजव्या खांद्याच्या कळा घेऊन. पडला नाही, आपटला नाही, कसला खेळ खेळला नाही. खोदून विचारलं तेव्हा कळलं, नवीन वी आणली होती आणि तासन्‌तास टेनिस चाललं होतं. निदान: ‘वीआयटिस’. उपचार: आठवडाभर आयब्युप्रोफेन आणि वी पूर्ण वर्ज्य. दारूला लावतात तसं पथ्य लावलं हो गेमला! म्हणजे एका वॉर्डात ज्या कांडीनं खांदे सुधरवायचे, त्याच कांडीनं शेजारच्या डॉक्टरांचे खांदे बिघडत होते. फिजिओंना दोन्हीकडून गिऱ्हाईक. बोलाल काही?

एवढ्यावर थांबले असते तर ते फिजिओ कसले. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचा ‘कायनेक्ट’ आला, हातात काहीच धरायला नको, कॅमेराच अंग ओळखतो. ज्यांची मूठ वळत नाही अशा पेशंटांसाठी हे किती सोयीचं, म्हणून लोकांनी त्यावर व्यायामाचे प्रोग्रॅम रचले, प्रबंध लिहिले. २०१७ मध्ये कंपनीनं उत्पादनच बंद केलं. प्रबंध राहिले. मग डोक्यावरचे डबे स्वस्त झाले, वायर गेली, आणि हल्लीची साथ पसरली.

मी म्हटलं, पण का? चांगलं शोल्डर व्हील काय वाईट होतं? आणि इथं मला एक आकडा सापडला. तो ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. कॅथरीन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका-कॅनडातल्या सात ठिकाणी जाऊन, अर्धांगवायूच्या पेशंटांची ३१२ सेशन बसून मोजली. हाताचा कामाचा व्यायाम, म्हणजे कप उचलणं, बटण लावणं असला, एका सेशनमध्ये सरासरी किती वेळा होतो? ३२ वेळा. बत्तीस! मेंदू परत शिकतो म्हणून ज्या प्रयोगांचे दाखले देतात, त्या प्रयोगांतले उंदीर आणि माकडं एका बैठकीत तीच हालचाल शेकड्यांनी करतात. आपल्या माणसाला बत्तीस आणि उंदराला चारशे. खरा गवगवा व्हायला हवा होता तो याचा. २००९ सालचा निबंध आहे, पण त्यावर कुठल्या सोसायटीच्या बाकावर चर्चा झाल्याचं ऐकलं नाही. सगळ्यांचा डोळा डब्यावर.

बरं, बत्तीसच का होतात, याला फार अक्कल लागत नाही. उंदराला कंटाळा आला तरी तो ‘आज अंग जड आहे, उद्या करू’ म्हणत नाही. माणसाला विसाव्या राजम्याला वैराग्य येतं. कंटाळा हा रिहॅबमधला सगळ्यात मोठा आजार, आणि इतकी वर्षं तो पेशंटच्या नावावर लिहिला गेला. ‘कोऑपरेट करत नाहीत.’ फिजिओंनी खेळ आणले म्हणजे एका अर्थानं कबुलीच दिली की आमचा व्यायाम भयंकर कंटाळवाणा आहे. मी मनात म्हटलं, बाई, हे तुला बोलायला इतकी वर्षं लागली?

असो. बिघडण्याच्या गोष्टीवर येते, कारण पुढं तर साफ फसवणूक आहे. ऑस्ट्रेलियात २०१५ मध्ये मान दुखणाऱ्या चोवीस लोकांना डबा घालून मान वळवायला सांगितली. डब्यातलं चित्र मुद्दाम खोटं. मान वळली तितकी वळली नाही असं दाखवलं, तर दुखणं सुरू व्हायच्या आधी लोकांची मान ६ टक्के जास्त वळली. जास्त वळल्याचं दाखवलं, तर ७ टक्के आधीच दुखायला लागलं. मान तीच, माणूस तोच! निबंधाच्या शीर्षकातच ‘बोगस’ हा शब्द आहे, उगाच माझ्यावर येऊ नका. आणि ही खोड मुळात साहेबाची, असंही म्हणायची सोय नाही. चेन्नईत डॉक्टर होऊन अमेरिकेत गेलेले व्ही. एस. रामचंद्रन यांनी नव्वदच्या दशकात एक पेटी आणि एक आरसा घेऊन हेच केलं होतं. हात कापलेला, तरी त्या नसलेल्या हाताची मूठ आवळलेली राहून कळा येतात. शाबूत हात आरशासमोर हलवायचा, आरशात दुसरा हात हलतो, मेंदू फसतो, आणि काहींची ती आवळलेली मूठ सुटते. आरशाची किंमत किती? त्यात डबाही नाही आणि चार्जिंगही नाही.

आता घरातलं सांगते, पण बाहेर बोलू नका. माझ्या नणंदेच्या सासूबाई. गेल्या वर्षी स्ट्रोक आला, डावी बाजू गेली. घरी आल्यावर नवीनच तऱ्हा. ताटातली भाजी, आमटी, पोळी संपायची, पण चटणी-कोशिंबिरीला हात नाही. नणंदेनं मनाला लावून घेतलं. ‘चाळीस वर्षं माझी कोशिंबीर गोड लागली आणि आता नाही?’ चार दिवस घरात धुसफूस. शेवटी ओटीच्या मुलीनं उलगडा केला, की त्यांना डावीकडचं जगच लक्षात येत नाही. डोळे ठीक आहेत, मेंदू तिकडं बघतच नाही. चटणी-कोशिंबीर वाढतात कुठं? डावीकडे. सून निर्दोष सुटली आणि सासूबाईंना डबा लागला.

पहिल्या दिवशी आम्ही सगळ्या गेलो होतो, तमाशा चुकवायचा कशाला? आधी अर्धा तास तयारीतच. अंबाडा पट्ट्यात बसेना, तो सोडून वेणी घातली. डोक्याला तेल, म्हणून आतून एक कागदी टोपी. चष्मा आत मावेना, मग मावला. डाव्या हातात कंट्रोलर राहीना, तो क्रेप बँडेजनं मुठीला बांधला. तेवढ्यात डब्यानं अपडेट मागितलं आणि वायफाय गेलं. ती मुलगी म्हणाली, ‘आजी, दोन मिनिटं हं,’ आणि कोपऱ्यात जाऊन फोनचं हॉटस्पॉट लावायला लागली. यांच्या कोर्सात हे शिकवत नसावेत.

मग सुरू झालं. सासूबाई हळूच उजवीकडे बघत होत्या, फुगे डावीकडून येत होते. मुलगी टॅबवर त्यांना काय दिसतंय ते बघत, ‘आजी, शिट्टी कुठून आली? मान वळवा. अजून. अजून…’ आणि एकदम सासूबाईंनी मान डावीकडे टाकली, तो बांधलेला हात उचलला आणि हवेत सपकन मारला. मग थांबेनातच. मान डोलतेय, केस सुटलेत, तोंडानं ‘थांब मेल्या, जातोस कुठं’ चाललंय. बाकावर बसलेल्या दुसऱ्या पेशंटच्या आईला वाटलं, अंगातच आलंय. तिनं हात जोडले. मी शपथेवर सांगते, जोडले.

मी मात्र बघत होते त्या मुलीकडे. पाताळयंत्री! गोड बोलता बोलता टॅबवर बोट फिरवून दर चार फुग्यांनी फुगे वीतभर वर आणि थोडे आणखी डावीकडे सरकवत होती. सासूबाईंना पत्ता नाही. खांद्याच्या चक्राशी ‘नको गं, दुखतं’ म्हणून जिथं थांबायच्या, त्याच्या वर हात गेला. मधे मधे ‘चक्कर येते का, मळमळतंय का’ विचारत होती, दुसऱ्या हातानं कमरेचा बेल्ट घट्ट धरून. काहींना फार गरगरतं म्हणे यात, आणि फिट्स येणाऱ्यांना तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देतच नाहीत. डबा काढल्यावर सासूबाईंनी पहिलं काय विचारावं? ‘माझे किती झाले?’ शंभरावर गेले होते. त्यांनी पुढच्या बाकावरच्या काकांकडे बघून विचारलं, ‘आणि ह्यांचे?’

आता कोशिंबीर संपते. त्यात फुग्यांचा वाटा किती आणि नणंद हल्ली ताट जरा फिरवून ठेवते त्याचा किती, हे त्यांचा देवच जाणे. नणंद म्हणते ताटाचा.

पैशाचंही ऐकून ठेवा, कारण पैसा आल्याशिवाय खूळ मोठं होत नाही. स्वित्झर्लंडमध्ये तेज ताडी या आपल्या भारतीय माणसानं ‘माइंडमेझ’ काढली, स्ट्रोकच्या पेशंटांसाठीचं व्हीआर हा धंद्याचा मोठा भाग. २०१६ मध्ये हिंदुजा समूहानं आणि इतरांनी त्यात दहा कोटी डॉलर घातले आणि कंपनीची किंमत अब्ज डॉलरवर गेली. अमेरिकेच्या एफडीएनं २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये जुनाट कंबरदुखीसाठी एका डब्याला मान्यता दिली. डॉक्टरनं चिठ्ठी लिहायची आणि पेशंटनं घरी बसून डबा घालायचा! १७९ लोकांवर चाचणी झाली. ज्यांना खरा कार्यक्रम दाखवला त्यांतल्या ६६ टक्क्यांचं दुखणं तीस टक्क्यांहून जास्त उतरलं, आणि ज्यांना डब्यात साधी निसर्गदृश्यं दाखवली त्यांतल्याही ४१ टक्क्यांचं. म्हणजे नुसतं झाडंझुडं बघूनही दर पाचांत दोघांची कंबर हलकी झाली. हे वाचून आमच्या ह्यांनी महाबळेश्वरचं बुकिंग केलं. वैद्यकीय कारणासाठी, म्हणे.

आणि आता सगळ्यात खमंग. हे मी मुद्दाम मागे ठेवलं होतं.

टोरांटोचे डॉ. गुस्ताव्हो सॅपोस्निक. वीहॅबचे मोठे पुरस्कर्ते, त्यांचीच आधीची लहान चाचणी आशादायक होती. त्यांनी म्हटलं, एकदा नीट सोक्षमोक्ष लावू. कॅनडा, अर्जेंटिना, पेरू, थायलंड अशा चार देशांतली चौदा केंद्रं, नुकताच स्ट्रोक झालेले १४१ पेशंट. निम्म्यांना वी, दोन आठवड्यांत दहा वेळा, एकेक तास. आणि उरलेल्यांना? ऐका हं. पत्ते. पत्ते, बिंगो, जेंगा किंवा चेंडू. तोच वेळ, तेवढंच सेशन. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त निकाल लागला. दोन्ही गटांचे हात चांगले सुधारले. सारखेच. यंत्र जिंकलं नाही आणि पत्तेही हरले नाहीत! पुढच्याच वर्षी कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या संस्थेच्या लोकांनी ७२ चाचण्या आणि २४७० पेशंट एकत्र घेऊन पाहिलं, तर हाताच्या बाबतीत नेहमीच्या उपचाराच्या जागी व्हीआर दिलं तर वेगळा फायदा तेव्हा सिद्ध झाला नाही. नेहमीच्या उपचारावर आणखी वेळ म्हणून दिलं तर होऊ शकतो. हात जास्त वेळ हलला पाहिजे, कशानं ते हाताला विचारायचं कारण नाही.

झालं! आमच्या सोसायटीच्या रमी मंडळात ही बातमी मीच नेली आणि मला तिथं जो मान मिळाला तो उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. इतकी वर्षं ‘काय त्या बायका पत्ते कुटतात’ म्हणून ऐकून घेतलं होतं सगळ्यांनी. आता दर गुरुवारी दुपारी तीन ते पाच ‘अप्पर लिंब ग्रुप’ भरतो. वर्गणी तीच, पॉइंट दहा पैसे. नवा नियम एकच, की पिसायचे दोन्ही हातांनी आणि वाटायचे ज्याचा जो हात कच्चा त्यानं. नणंदेच्या सासूबाईंनाही बोलावलंय. मुद्दाम डावीकडून उतरायला लावायचं ठरलंय त्यांना. त्या यायला तयार आहेत, पण विचारत होत्या, ‘फुगे असतील ना गं?’